बेसमेंटमधला रेडॉन: मोजल्याशिवाय कळत नाही

अमेरिकेत पहिलं घर घेताना सह्यांच्या कागदांत एक ओळ असते: रेडॉन टेस्ट करून हवी आहे का? रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू, ज्याने पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तोवर शाळा कशी आहे, छप्पर किती वर्षांचं, फर्नेस कधी बदलली, व्याजदर काय लागला, यातच डोकं पिकलेलं असतं. एखादा रिअल्टर म्हणतो, 'इथे सगळेच करून घेतात.' दुसरा म्हणतो, 'या भागात कुणी करत नाही.' दोन्ही उत्तरं सारखीच निरुपयोगी. मग इन्स्पेक्टरच्या अहवालात '५.२' असा एक आकडा येतो आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो: ५.२ म्हणजे किती वाईट? हे घर सोडून द्यायचं का? लहान मुलं आहेत हो आमच्याकडे.

घर सोडायची गरज नाही, दुरुस्त करून घ्यायची आहे. पण हे नुसतं सांगून कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून मुळापासून बघू.

जमिनीतून घरात

युरेनियम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते. पण ते थोडं थोडं सगळ्याच जमिनीत असतं. साधारण मातीत दहा लाख भागांत दोन-तीन भाग, ग्रॅनाइटमध्ये आणि काही प्रकारच्या काळ्या शेल खडकात जास्त. हे युरेनियम अतिशय सावकाश मोडत राहतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं मूलद्रव्य तयार होत जातं आणि त्या साखळीत पुढे रेडियम येतं. रेडियमपर्यंतची सगळी मंडळी घन रूपातली, म्हणजे खडकाच्या कणात जागच्या जागी अडकलेली. रेडियम मोडलं की मात्र वायू तयार होतो. तो रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो कुणाशी रासायनिक संयोगही करत नाही. त्यामुळे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो बिनदिक्कत वर सरकतो.

त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस आहे. म्हणजे आज जेवढे अणू आहेत त्यांतले निम्मे पुढच्या ३.८ दिवसांत मोडलेले असतात. एक-दोन मीटर खोलीवरून घराच्या पायापर्यंत यायला एवढा वेळ पुरतो. मातीतल्या हवेत रेडॉनचं प्रमाण प्रति घनमीटर हजारो, क्वचित लाखभर बेक्वेरेल असू शकतं. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू मोडणं, एवढाच त्याचा अर्थ. उघड्यावर आल्यावर हाच वायू वाऱ्यात इतका पातळ होतो की बाहेरच्या हवेत साधारण ५ ते १५ बेक्वेरेल एवढाच उरतो. तेवढा आपण सगळेच जन्मभर श्वासावाटे घेतो.

गडबड होते ती घरात. थंडीत घर तापवलं की गरम हवा वर चढते, वरच्या मजल्याच्या आणि माळ्याच्या फटींतून निसटते, आणि खालच्या भागात दाब किंचित कमी होतो. चुलीवरचं धुराडं खालून हवा ओढून घेतं, तसं अख्खं घर पायाखालच्या मातीतून हवा ओढायला लागतं. दाबातला फरक असतो जेमतेम काही पास्कलचा, पण ओढ दिवसरात्र चालू असते. काँक्रीटच्या तडा, भिंत आणि फरशी मिळतात ती सांध, पाण्याच्या पाइपाभोवतीची मोकळी जागा, पोकळ ब्लॉकच्या भिंती, पाणी साठायचा सम्प, यांतल्या कुठूनही वायू आत येतो. नवं घर आहे म्हणून सुटका नाही. उलट खिडक्या-दारं घट्ट बसवलेल्या घरात आत आलेली हवा लवकर बाहेर जात नाही.

इथे एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. रेडॉन हवेपेक्षा सातआठ पट जड, म्हणून तो बेसमेंटमध्ये तळाला साचतो, असं सांगितलं जातं. वायू जड आहे हे खरं. पण घरातलं त्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की तो हवेत मिसळूनच राहतो, वेगळा थर करून बसत नाही. बेसमेंटमध्ये आकडा जास्त येतो कारण बेसमेंट मातीला तीन-चार बाजूंनी चिकटलेलं असतं आणि तिथली हवा फारशी खेळती नसते. वरच्या मजल्यांवर प्रमाण उतरत जातं. म्हणूनच अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, तिसऱ्या मजल्याखालच्या घरांनाच चाचणी करायला सांगते. पाचव्या मजल्यावर भाड्याने राहत असाल तर या लेखातला बराचसा भाग तुमच्यासाठी नुसता माहितीपर आहे.

खरा गुन्हेगार वायू नव्हेच

रेडॉन आपण आत ओढतो आणि बहुतेक सगळा तसाच बाहेर सोडतो. तो कशाला चिकटत नाही. त्रास देतात ते त्याच्यापासून तयार होणारे कण. रेडॉनचा अणू मोडला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ, पुन्हा पोलोनियम अशी रांग लागते. हे सगळे धातू, म्हणजे घन. हवेतल्या धुळीच्या कणांना ते चिकटतात, श्वासाबरोबर आत जातात आणि श्वासनलिकांच्या फांद्यांच्या अस्तरावर बसतात. त्यांची अर्धायुष्यं मिनिटांची. पोलोनियम-२१८ चं तीन मिनिटं, त्यापुढच्या शिशाचं सत्तावीस, बिस्मथचं वीस. फुप्फुसाला असा कचरा वर ढकलून बाहेर काढायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत ते तिथल्या तिथे मोडतात आणि अल्फा कण सोडतात.

अल्फा कण बाहेरून अंगावर पडला तर काहीच करू शकत नाही. कातडीवरच्या मृत पेशींचा थर त्याला अडवतो, साधा कागदही अडवतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला असा जाड थर नाही. अल्फा कणाचा पल्ला पेशीजालात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्या अंतरात तो आपली सगळी ऊर्जा ओततो. वाटेत डीएनए आला तर त्याच्या दोन्ही साखळ्या एकदम तुटू शकतात. बहुतेक वेळा पेशी ते दुरुस्त करते किंवा मरून जाते. कधीतरी दुरुस्ती चुकते, आणि अशा चुका साठत साठत वीस-तीस वर्षांनी कर्करोग होतो.

म्हणूनच रेडॉनची लक्षणं विचारू नका. खोकला, डोकेदुखी, चक्कर, थकवा यांतलं काहीही रेडॉनमुळे होत नाही. 'आम्हाला कधी काही त्रास झाला नाही' हे वाक्य इथे पुरावा म्हणून चालत नाही. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही रेडॉन ओळखत नाही.

खाणीतलं कोडं, घरातला अलार्म

जर्मनी आणि आजच्या चेकियाच्या सीमेवरच्या डोंगरांत श्नेबर्ग आणि याखिमोव ही खाणींची जुनी गावं आहेत. आधी चांदी, मग कोबाल्ट, नंतर युरेनियम असं तिथून काय काय निघालं. मादाम क्युरींनी रेडियम वेगळं काढलं ते याखिमोवच्या खनिजाच्या चोथ्यातूनच. तिथले खाणकामगार तरुण वयात छातीच्या विकाराने मरतात हे सोळाव्या शतकापासून लोकांना माहीत होतं. १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांची तपासणी करून हा फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं मांडलं. तेव्हा किरणोत्सर्गाचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला १८९६ मध्ये. रेडॉन सापडला त्यानंतर, १९०० च्या सुमारास. वायूपेक्षा त्यापासून होणारे कण जास्त घातक आहेत हे अमेरिकेत विल्यम बेल यांनी मांडलं ते १९५१ साली. रोगाचं वर्णन आधी आणि कारण सत्तर वर्षांनी.

आणि कारण कळल्यावरही खाणीतल्या माणसांना ते सांगितलं गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या नैऋत्येला कोलोरॅडो पठारावर अणुबॉम्बसाठी युरेनियम उपसणाऱ्या कामगारांत मोठ्या संख्येने नावाहो आदिवासी होते. सरकारी आरोग्य खातं त्यांच्या तब्येतीची पाहणी करत होतं, पण धोका काय आहे हे कामगारांना सांगत नव्हतं. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. आज आपल्याला रेडॉनबद्दल जे खात्रीने माहीत आहे त्याचा मोठा हिस्सा या माणसांच्या फुप्फुसांतून आलेला आहे. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, ते मुख्यतः खाणीतल्या पुराव्यावर.

साध्या राहत्या घरातही हा वायू खाणीएवढा भरू शकतो, हे ध्यानात आलं एका विचित्र प्रसंगामुळे. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. डिसेंबर १९८४ मध्ये तिथल्या एका अभियंत्याच्या, स्टॅनली वॉट्रस यांच्या अंगामुळे किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दाराचा अलार्म वारंवार वाजू लागला. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूच झाली नव्हती. मग हा किरणोत्सर्ग आला कुठून? शेवटी एके सकाळी वॉट्रस आत आले आणि कामाच्या जागी न जाता तसेच बाहेर पडायच्या तपासणीतून गेले. अलार्म वाजला. माणूस किरणोत्सर्ग घरून घेऊन येत होता.

बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात मोजलं तेव्हा रेडॉन निघाला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. अमेरिकेत हे एकक चालतं. एक पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेक्वेरेल प्रति घनमीटर. ज्या पातळीला आज तिथे 'उपाय करा' असं म्हणतात ती आहे ४ पिकोक्युरी. म्हणजे जवळजवळ सातशे पट. बायको-मुलांना घेऊन वॉट्रस कुटुंबाने घर सोडलं, घराखाली दुरुस्ती झाली, आणि काही महिन्यांनी ते त्याच घरात परत राहायला आले. लेखाच्या सुरुवातीला मी ५.२ साठी घर सोडू नका म्हटलं, ते या जोरावर.

या घराखालचा खडकांचा पट्टा रेडिंग प्राँग नावाने ओळखला जातो. पेनसिल्व्हेनियातून निघून तो उत्तर न्यू जर्सी आणि दक्षिण न्यूयॉर्कमधून कनेटिकटपर्यंत जातो. मराठी मंडळांच्या सभासदांचे पत्ते काढले तर त्यांतले बरेच या पट्ट्यावर किंवा त्याच्या आसपास निघतील. ईपीएच्या नकाशात मॉरिस, सॉमरसेट, हंटरडन या काउंटी सर्वांत जास्त शक्यतेच्या रंगात आहेत, म्हणजे पार्सिपनी आणि ब्रिजवॉटर आलेच. एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येतं ती मधल्या गटात. मध्य-पश्चिमेला आयोवा तर संपूर्ण राज्यच वरच्या गटात आहे. पण हा नकाशा सरकारने आपले कार्यक्रम आखण्यासाठी केलेला आहे. तुमच्या घराचा आकडा त्यावरून निघत नाही. शेजारच्या घरात १.५ आला म्हणून तुमच्याकडे तेवढाच येईल असंही नाही. खडकातली एखादी चीर, भरावाची माती, पायाची ठेवण, तुम्ही हीटिंग कसं वापरता, अशा गोष्टींवर तो आकडा ठरतो.

५.२ म्हणजे किती?

घरांमधला धोका खाणींवरून अंदाजाने काढणं पुरेसं नव्हतं. २००५ साली सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र केली. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रुग्ण होते आणि तुलनेसाठी १४,२०८ इतर लोक. मोजमापातली अनिश्चितता धरून निष्कर्ष असा निघाला की घरातला रेडॉन दर १०० बेक्वेरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. हा परिणाम तीसेक वर्षांच्या सरासरी पातळीचा आहे, दोन-चार महिन्यांचा नव्हे.

१६ टक्के ऐकून घाबरायच्या आधी 'कशाच्या १६ टक्के' हे विचारायला हवं. याच अभ्यासानुसार आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेल्या माणसाला, घरात रेडॉन नसेल तर, पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता ०.४ टक्के. १०० बेक्वेरेल असतील तर ०.५, ४०० असतील तर ०.७. सिगरेट ओढणाऱ्याचे हेच आकडे १०, १२ आणि १६ टक्के.

आता ५.२ पिकोक्युरी घ्या. ३७ ने गुणलं की साधारण १९२ बेक्वेरेल. न ओढणाऱ्यासाठी हजारात चारचे पाच होतात. ओढणाऱ्यासाठी शंभरात दहाचे तेरा होतात. टक्केवारीतली वाढ दोघांना सारखीच, पण प्रत्यक्ष माणसांत मोजली तर दुसऱ्याचं नुकसान कितीतरी मोठं. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात असा ईपीएचा अंदाज आहे, आणि त्यांतले कधीच धूम्रपान न केलेले साधारण २,९००. तेव्हा घरात कुणी सिगरेट ओढत असेल आणि चर्चा रेडॉनची चालली असेल, तर क्रम चुकतो आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सिगरेट. तरीही न ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं पहिलं कारण रेडॉनच मानतात, आणि २,९०० हा आकडा काही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

४ ही काही सुरक्षिततेची रेषा नव्हे. ३.९ ठीक आणि ४.१ भयंकर असं निसर्ग ठरवत नाही. ईपीए स्वतःच सांगते की २ ते ४ च्या मधेही दुरुस्तीचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल सुचवलं, म्हणजे २.७ पिकोक्युरी, आणि ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नका असं सांगितलं. कॅनडाने २०० धरलं आहे. ब्रिटननेही २०० धरलं आहे, पण दुरुस्ती केल्यावर १०० च्या खाली आणा असं तिथे म्हणतात. हे सगळे आकडे खर्च आणि फायदा यांची सांगड घालून काढलेले.

कोण किती वेळ खाली असतो यावरही बरंच अवलंबून आहे. सासू-सासरे किंवा आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात आणि बेसमेंटमधल्या गेस्ट बेडरूममध्ये राहतात. त्यांच्या जिवाला त्यामुळे काही विशेष फरक पडत नाही. पण २०२० पासून ज्यांचं ऑफिसच बेसमेंटमध्ये गेलं, दिवसाचे नऊ-दहा तास तिथे जातात, किंवा ज्यांच्या मुलाने खालची खोली झोपायला घेतली, त्यांचं गणित वेगळं. मुलांना हा वायू मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो असा ठाम पुरावा नाही. त्यांच्यापुढे आयुष्य मात्र जास्त आहे, आणि दुष्परिणाम तर वर्षांनीच साठतात.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, दक्षिण कोकणात आणि गोव्यात जुने ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहेत, तिथे थोडं जास्त. पण आपल्या बाजूने खडकापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे राहणी. वर्षातले बहुतेक दिवस खिडक्या उघड्या, पंखे चालू, घर तापवायची गरज नाही, आणि तळघर असलंच तर त्यात गाड्या उभ्या. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभरच्या घरांत रेडॉन मोजण्याचं काम कित्येक वर्षं केलं आहे, त्यासाठी उपकरणंही बनवली आहेत. भारतातल्या बहुतेक घरांतले आकडे १०० बेक्वेरेलच्या आत येतात. तेव्हा पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी परदेशातून टेस्ट किट मागवायची काही गरज नाही.

स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दलही लोक विचारतात. ओट्यातून थोडा रेडॉन निघतो, पण जमिनीतून येणाऱ्याच्या तुलनेत तो बहुधा किरकोळ असतो. ओटा फोडू नका.

केरळातल्या चवरा आणि करुणागप्पल्ली किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, आणि त्यात थोरियम. थोरियमपासून रेडॉनचाच एक भाऊ तयार होतो, थोरॉन. त्याचं अर्धायुष्य फक्त ५६ सेकंद, त्यामुळे मातीतून फार लांबचा पल्ला तो गाठत नाही; भिंतीच्या किंवा जमिनीच्या अगदी जवळच सापडतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र पोस्टकोड टाकून नकाशा बघावा. कॉर्नवॉल आणि डेव्हनचा ग्रॅनाइट प्रसिद्धच आहे, पण नॉर्थहॅम्प्टनशरसारख्या भागांतही जास्त शक्यतेचे पट्टे आहेत. देशाची सरासरी फक्त २० बेक्वेरेल, म्हणून तिथे सगळ्यांनी मोजायची गरज पडत नाही.

मोजायचं कसं

दोन प्रकार आहेत. कोळशाची डबी किंवा छोटं यंत्र दोन ते सात दिवस ठेवायचं, ही अल्पकाळाची चाचणी. घरखरेदीत वेळ नसतो म्हणून तिथे बहुधा ४८ तासांची होते. दुसरा प्रकार तीन महिन्यांपासून वर्षभराचा. त्यात प्लॅस्टिकचा एक तुकडा असतो, अल्फा कण त्यावर सूक्ष्म ओरखडे काढतात, आणि प्रयोगशाळा ते मोजते. रेडॉन दिवसा-रात्री, पाऊस-वाऱ्याने, हवेच्या दाबाने आणि ऋतूने वरखाली होत असतो. थंडीत साधारणपणे जास्त. त्यामुळे खरी सरासरी हवी असेल तर दीर्घ चाचणीच करावी. दुकानात मिळणारं डिजिटल मीटरही चालतं, फक्त रोजच्या आकड्याकडे बघून रक्तदाब वाढवून घेऊ नका. महिन्याची सरासरी बघा.

अल्प चाचणीच्या आधी बारा तास आणि चाचणी चालू असेपर्यंत सगळ्या खिडक्या-दारं बंद. येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. डबी सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर, जमिनीपासून अर्धा मीटर तरी उंच, खिडकी, बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळून ठेवायची. आणि ती जागची हलवायची नाही, हे घरातल्या लहानांना बजावून ठेवा. किट पंधरा-तीस डॉलरला मिळतं, काही राज्यं आणि काउंटी फुकटही देतात.

४ च्या वर आकडा आला तर दुसऱ्या चाचणीने खात्री करा. ८ च्या वर आला तर लगेच दुसरी अल्प चाचणी, वर्षभर थांबू नका. घराला स्वतःची विहीर असेल तर पाण्यातूनही रेडॉन येतो, शॉवरखाली तो हवेत सुटतो. हवेतला आकडा जास्त असेल तर पाणीही तपासून घ्यावं.

दुरुस्ती

उपाय आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. बेसमेंटच्या काँक्रीटला एक भोक पाडतात, खालची थोडी खडी-माती काढतात, त्यात पीव्हीसीचा पाइप बसवतात, तो छपराच्या वर नेतात आणि वाटेत माळ्यावर किंवा घराबाहेर एक पंखा लावतात. पंखा चोवीस तास चालू. आतापर्यंत घर मातीतली हवा ओढत होतं. आता फरशीखाली घरापेक्षा कमी दाब तयार होतो आणि ती हवा परस्पर छपरावर जाते. तिथे ती वाऱ्यात विरून जाते. योग्य बसवलं तर पातळी ९० टक्क्यांहून जास्त घटू शकते. काम बहुतेक घरांत एका दिवसाचं, खर्च साधारण हजार ते अडीच-तीन हजार डॉलर. घर घेत असाल तर हा खर्च विकणाऱ्याने करावा अशी मागणी सर्रास होते आणि बहुतेकदा मान्यही होते. मात्र काम राज्याने मान्यता दिलेल्या माणसाकडून झालं आहे आणि त्यानंतरची चाचणी झाली आहे, हे दोन्ही कागद मागून घ्या. नवं घर बांधून घेत असाल तर पाइप आणि खडीचा थर सुरुवातीलाच टाकून घ्या, पुढे फक्त पंखा बसवावा लागेल.

नुसत्या तडा बुजवून फारसा उपयोग होत नाही. घर नवी वाट शोधतं आणि जुन्या तडा परत उघडतात. खिडक्या उघडल्या की आकडा खाली येतो, बंद केल्या की काही तासांत पुन्हा चढतो, आणि जानेवारीत मिनेसोटात खिडकी कोण उघडी ठेवणार? हवा शुद्ध करणारी यंत्रं धूळ पकडतात, वायू नाही. बेसमेंटमध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा लावणं तर उलटंच पडू शकतं, कारण त्याने आतला दाब आणखी कमी होतो आणि मातीची हवा जास्त जोराने आत येते.

पाइपावर साधारण डोळ्यांच्या उंचीला इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एक नळी असते, तिच्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी असेल तर पंखा ओढतो आहे. सारखी दिसली तर पंखा बंद पडला आहे किंवा कुणीतरी प्लग काढला आहे. पाइपाला हात लावला की थरथर जाणवते म्हणून सगळं ठीक असं धरून चालू नका, नळीच बघा. पंखे दहाएक वर्षांनी बदलावे लागतात. दर दोन वर्षांनी, आणि बेसमेंटचं काम किंवा हीटिंगमध्ये मोठा बदल केल्यावर, पुन्हा एक किट आणून मोजा.